‘क्रॉस गेलाय’ म्हणजे नेमकं काय गेलंय?

गळीत हंगाम तोंडावर आला की सोलापुरात गॅरेजसमोर पिकअप आणि ट्रॅक्टर उभे दिसायला लागतात. मिस्त्री गाडीखाली सरकतो, लांब शाफ्टला दोन्ही हातांनी हिसका देतो आणि बाहेर येऊन सांगतो, “मालक, क्रॉस गेलाय. प्रोपेलर खोलावा लागतोय.” मालक मान डोलावतो. पण क्रॉस म्हणजे काय, एकच गेला असताना दोन्ही कशाला बदलायचे आणि नवा टाकूनही गाडी थरथरते ती का, हे विचारायचं राहूनच जातं. वस्तू तशी स्वस्तातली आहे. पण ती बेफिकिरीनं बसवली तर पुढचा खर्च मोठा असतो, आणि चालत्या गाडीत तुटली तर जिवावर बेततं. म्हणून हे जरा सविस्तर समजून घेऊ.

गाडीखाली काय असतं?

पिकअप, ४०७, बोलेरो, इको, ट्रक, या सगळ्यांचं इंजिन पुढे आणि ओढणारी चाकं मागे. इंजिनची ताकद गिअरबॉक्समधून निघते आणि एका लांब पोकळ पाइपातून मागच्या हौसिंगपर्यंत, म्हणजे मागच्या दोन चाकांच्या मधल्या गिअरच्या पेटीपर्यंत, जाते. हा पाइप म्हणजे प्रोपेलर शाफ्ट. गिअरबॉक्स चॅसीला बांधलेला, तो जागचा हलत नाही. हौसिंग मात्र स्प्रिंगच्या पाट्यांवर बसलेलं असतं. खड्ड्यात चाक गेलं की ते वर-खाली होतं, माल भरला की दबतं, रिकामं झालं की उठतं. म्हणजे शाफ्टचं एक टोक स्थिर, दुसरं सतत हलतं, आणि त्याच वेळी तो ताकदीनं फिरतोही आहे. सरळ दांडा घट्ट बोल्ट मारून बसवला असता तर तो पहिल्याच खड्ड्यात वाकला असता.

म्हणून शाफ्टच्या टोकांना असे सांधे असतात की जे फिरता फिरता वाकू शकतात. याला युनिव्हर्सल जॉइंट म्हणतात. त्याच्या मधोमध अधिकच्या चिन्हासारखा एक पोलादी तुकडा असतो, तोच क्रॉस. त्याला चार बाहू, प्रत्येक बाहूवर एक कप, आणि कपाच्या आत बारीक सुया गोलाकार उभ्या लावलेल्या. समोरासमोरचे दोन कप शाफ्टच्या कानांत बसतात, उरलेले दोन पलीकडच्या तुकड्याच्या कानांत. दोन कान असलेल्या या तुकड्याला योक म्हणतात. एवढीच रचना.

कल्पना जुनी आहे. सोळाव्या शतकातल्या इटलीच्या कार्डानोचं नाव या सांध्याला जोडलं जातं आणि सतराव्या शतकात इंग्लंडच्या रॉबर्ट हूकनं त्याचा अभ्यास केला. मोटारीसाठीच्या अशा सांध्याचं पेटंट अमेरिकेत क्लॅरेन्स स्पायसरला १९०३ मध्ये मिळालं. त्या काळात बऱ्याच मोटारी साखळीवर चालत.

या तुकड्यावर भार किती येतो?

ताशी ६० किलोमीटर म्हणजे मिनिटाला एक किलोमीटर. पिकअपच्या टायरचा घेर साधारण दोन मीटर धरला तर चाक मिनिटाला ५०० फेरे मारतं. हौसिंगमधल्या क्राउन-पिनियन या गिअरच्या जोडीचं प्रमाण साधारण ४ धरलं तर शाफ्ट मिनिटाला २,००० फेरे घेतो. आपण निवांत बोलत हैदराबाद रस्त्यानं निघालेलो असतो तेव्हा आपल्या पायाखाली हे चाललेलं असतं.

पहिल्या गिअरमध्ये वेग कमी, पण पीळ जास्त. इंजिनची पिळण्याची ताकद पहिला गिअर साधारण चौपट किंवा त्याहून जास्त करून शाफ्टकडे देतो. काळ्या रानात रुतलेली भरली गाडी क्लच झटकन सोडून काढायला गेलं की तो सगळा हिसका त्या चार बाहूंवर येतो. क्रॉसला धोका वेगापेक्षा अशा हिसक्यांचा जास्त असतो.

सुया झिजतात कशा?

साध्या बेअरिंगमध्ये गोळ्या पूर्ण गोल फिरतात, त्यामुळे झीज सगळीकडे सारखी वाटली जाते. क्रॉसच्या सुयांचं तसं नाही. शाफ्टच्या प्रत्येक फेऱ्यात त्या फक्त काही अंश पुढे आणि तितक्याच मागे डुलतात. पाट्यावर वरवंटा फिरतो तसंच हे. वरवंटा त्याच पट्ट्यात पुढे-मागे जातो आणि पाट्याला मधेच खळगा पडतो, कडा मात्र नव्यासारख्या राहतात. सुयाही बाहूवर त्याच जागी घासत राहतात. मधलं ग्रीस संपलं की लोखंड लोखंडाला लागतं आणि प्रत्येक सुईखाली एक बारीक चर पडतो.

गॅरेजमध्ये जुना क्रॉस निघाला की तो हातात घ्या. कप उलटा करून झटकला की त्यातून तांबूस-लाल कोरडी भुकटी पडते, कधी तुटलेल्या सुयांचे तुकडेही. बाहू फडक्यानं पुसून त्यावर आडवं नख फिरवा. रेघा नखाला अडकतात. चांगल्या बाहूवरून नख अडखळल्याशिवाय सरकतं. हे एकदा पाहिलं की क्रॉस गेला की नाही यावर कुणाशी वाद घालावा लागत नाही.

एक गोष्ट अनेकांना पटत नाही. शाफ्ट अगदी सरळ रेषेत असेल तर क्रॉस जास्त टिकायला हवा, असं वाटतं. उलट होतं. कोन शून्य झाला की सुया डुलतच नाहीत, एकाच जागी भार घेतात, ग्रीस पसरत नाही आणि चर लवकर पडतात. म्हणून थोडा कोन मुद्दाम ठेवलेला असतो.

“आपल्याकडच्या उन्हात ग्रीस वितळतं, म्हणून क्रॉस जातात” हेही ऐकायला मिळतं. लिथियम ग्रीस साधारण १८० अंशांच्या आसपास पातळ होऊन गळायला लागतं. सोलापूरचा मे महिना कितीही भाजला तरी तिथवर जात नाही. दोष धुळीचा आणि पाण्याचा. विशेषतः वॉशिंग सेंटरवर प्रेशरचा पाइप थेट जॉइंटवर धरतात, तेव्हा कपाच्या रबरी सीलमधून पाणी आत शिरतं. गाडी खालून धुतली की त्याच दिवशी ग्रीसगन मारून घ्या, म्हणजे नवं ग्रीस आतलं पाणी बाहेर ढकलतं.

गाडी आधी सांगते का?

सांगते, आणि बरेच दिवस आधी सांगते. रिव्हर्समधून पहिल्यात टाकून क्लच सोडला की खालून ‘टक्’ असा ठोका येतो. हळू चालताना चाकाच्या वेगाबरोबर वाढणारा चूं-चूं आवाज येतो, तो कोरड्या सुयांचा. पुढची पायरी म्हणजे ठरावीक वेगाला फरशीतून आणि सीटमधून येणारी थरथर. कपाच्या तोंडाशी लाल गंज दिसला तर आत ग्रीस उरलेलं नाही असंच समजा.

पण ‘टक्’ झालं म्हणजे क्रॉसच, असं लगेच ठरवू नका. क्राउन-पिनियनमधला प्ले (ढिलेपणा), शाफ्ट लांब-आखूड होऊ देणाऱ्या स्लिपचे झिजलेले दाते, इंजिनचं फाटलेलं माउंटिंग, यांचाही ठोका तसाच येतो. खात्री हातानंच करायची. गाडी सपाट जागेवर, इंजिन बंद, चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे, गिअर न्यूट्रल. मग एक हात जॉइंटच्या अलीकडे, दुसरा पलीकडे धरून उलट-सुलट पिळायचं, नंतर वर-खाली हलवायचं. कप आणि बाहू यांच्यात डोळ्यांना दिसेल एवढी हालचाल झाली तर तो क्रॉस बाद. “थोडा प्ले चालतो” असं क्रॉसच्या बाबतीत नसतं.

थरथरीचंही असंच. मोकळ्या रस्त्यावर ती ज्या वेगाला येते त्या वेगाला क्षणभर क्लच दाबा. इंजिनचे फेरे उतरले तरी थरथर तशीच राहिली तर इंजिन निर्दोष आहे, शोध चाकांत किंवा शाफ्टमध्ये घ्यायचा. ६० च्या वेगाला चाक सेकंदाला आठेक फेरे मारतं, शाफ्ट तेहेतीसच्या आसपास. त्यामुळे चाकाची थरथर मोठी, सावकाश आणि बहुतेकदा स्टिअरिंगमध्ये जाणवते. शाफ्टची बारीक आणि वेगवान असते, पायाखाली घोंघावते. एवढा फरक मिस्त्रीला नीट सांगितला तरी त्याचं निम्मं काम होतं.

तुटलाच तर काय होतं?

मागचा जॉइंट तुटला तर शाफ्ट रस्त्यावर घासत, खालचे पाइप आणि टाकी ठोकत फिरतो. पुढचा तुटला तर शाफ्टचं पुढचं टोक रस्त्यावर पडतं, खड्ड्यात किंवा डांबराच्या कडेत रुतू शकतं आणि वेगातली गाडी मागून उचलली जाऊ शकते. काही गाड्यांना शाफ्टभोवती लोखंडी पट्टीचं कडं असतं, ते यासाठीच. कुठल्यातरी कामात ते काढलं असेल तर परत लावून घ्या.

आणखी एक. शाफ्ट तुटला किंवा खोलला की गिअरचा आणि चाकांचा संबंध संपतो. उतारावर “गिअरमध्ये टाकून ठेवलीय” याला तेव्हा काहीच अर्थ नसतो, गाडी सरळ घरंगळते. खाली झोपून काम करणारा माणूस तिथंच असतो. ठोकळे लावल्याशिवाय पहिला बोल्ट सैल होता कामा नये.

“पुढचाच वाजतोय, मागचा राहू दे की”

दोन्ही जॉइंट तेवढेच किलोमीटर चाललेत, तेच पाणी आणि तीच धूळ खाल्लीय. मजुरीचा मोठा भाग शाफ्ट काढण्या-लावण्याचा असतो, क्रॉसचा नव्हे. मागचा अगदी अलीकडे बदललेला असेल आणि हातात मऊ, बिनप्ले फिरत असेल तर राहू द्या. नाहीतर एकदाच दोन्ही टाका. दोन तुकड्यांचा शाफ्ट असेल तर मधल्या सेंटर बेअरिंगचं रबरही त्याच वेळी दाबून बघा.

बदलताना उभं राहून काय बघायचं?

मिस्त्रीच्या हाताखाली लुडबुड करायची गरज नाही. पण काही ठिकाणी नजर असावी, कारण क्रॉस बदलूनही तक्रार राहते ती बहुतेकदा इथूनच.

सगळ्यात आधी खुणा. शाफ्ट खोलण्यापूर्वी दोन्ही टोकांच्या फ्लँजवर (बोल्ट मारायच्या चकतीवर) आणि स्लिपच्या दोन्ही भागांवर पांढऱ्या रंगाची किंवा पंचची खूण हवी. ही खूण का महत्त्वाची, ते जरा थांबून बघू.

एकटा जॉइंट कोनात फिरतो तेव्हा त्याच्या एका बाजूचा वेग एकसारखा असला तरी दुसऱ्या बाजूचा वेग प्रत्येक फेऱ्यात दोनदा वाढतो आणि दोनदा कमी होतो. सांध्याची रचनाच तशी आहे, तो दोष नाही. १० अंशांच्या कोनाला ही घट-वाढ दीड टक्क्याच्या आसपास असते, २० अंशांना साधारण सहा टक्के, ३० अंशांना वर पंधरा आणि खाली तेरा टक्के. ही लहर थेट हौसिंगमध्ये गेली तर गाडी थरथरत राहील. म्हणून शाफ्टच्या दुसऱ्या टोकाला दुसरा जॉइंट असतो, तो बरोबर उलटी लहर तयार करून पहिली मिटवतो. त्यासाठी दोन अटी. दोन्ही बाजूंचे कोन सारखे हवेत आणि शाफ्टच्या दोन्ही टोकांचे कान एका रेषेत हवेत. स्लिप बाहेर ओढून एक-दोन दाते चुकवून परत घातली की कानांची रेषा बिघडते आणि लहर पूर्ण मिटत नाही. पाव फेरा चुकली तर मिटायच्या ऐवजी दुप्पट होते. क्रॉस नवा, बोल्ट नवे, तरी गाडी आधीपेक्षा वाईट. काही गाड्यांच्या दोन तुकड्यांच्या शाफ्टमध्ये कंपनीनं कानांची मांडणी वेगळी ठेवलेली असू शकते, म्हणून ‘अंदाजानं सरळ’ लावण्यापेक्षा खुणेला खूण जुळवणं हेच खरं.

दुसरं, ठोकाठोकी. कप जागेवर धरणारे लॉक काढल्यावर कप बाहेर काढायची चांगली रीत म्हणजे व्हाइस आणि दोन सॉकेट. एका बाजूला कपापेक्षा लहान सॉकेट, दुसऱ्या बाजूला कप आत मावेल एवढा मोठा. व्हाइस आवळला की कप सरळ सरकतो. घणानं कानावर मारत बसलं की कान केसभर वाकतात, आणि केसभर पुरतं. पोकळ पाइप व्हाइसमध्ये आवळून चेपवणं तर त्याहून वाईट. पाइपावर वेल्डिंग केलेल्या लहान चौकोनी पट्ट्या दिसतात, त्या बॅलन्सच्या आहेत. त्या पडता कामा नयेत.

तिसरं, सुया. नवा क्रॉस बसवताना एखादी सुई आडवी होऊन कपाच्या तळाशी पडते. मग कप पूर्ण आत जात नाही, लॉक खाचेत बसत नाही, आणि घाईत तो ठोकून बसवला जातो. लॉक खाचेत नीट, पूर्ण बसलाच पाहिजे. बसत नसेल तर कप बाहेर काढून सुया मोजून परत उभ्या करायच्या, दुसरा उपाय नाही. चांगला मिस्त्री कपात थोडं ग्रीस लावून सुया त्यात चिकटवून ठेवतो.

शेवटी जॉइंट हातानं चारी दिशांना फिरवून बघा. तो कुठंही न अडता फिरला पाहिजे. अडत असेल तर कानावर मऊ हातोडीनं हलकेच टिचकी मारली की कप आपली जागा घेतो. मग ग्रीसगन लावायची आणि चारही कपांच्या सीलमधून नवं ग्रीस डोकावेपर्यंत मारायची. एका कपातून येत नसेल तर तो कप कोरडाच राहणार आणि तोच पहिला जाणार. ग्रीसगन लावायचं निपल कुठल्या दिशेला आहे तेही बसवण्याआधी बघा. शाफ्ट गाडीवर चढल्यावर गन पोचली नाही, तर पुढे कुणी ग्रीस मारणार नाही.

फ्लँजचे नट नवे लॉकचे घ्या, कंपनीनं सांगितलेल्या टॉर्कनं आवळा आणि मोहोळ किंवा अक्कलकोटपर्यंत एक फेरी झाली की परत एकदा पाना लावून बघा.

सगळं नीट केलं, तरी थरथर आहे!

मग कोन बघा. आपल्याकडे पिकअपला ऊस, कांदा, विटा जास्त भरता याव्यात म्हणून मागे जादा पाटा टाकतात. पाटा टाकला की रिकाम्या गाडीचं हौसिंग खाली राहतं, मागची बाजू उठते आणि दोन्ही जॉइंटचे कोन कंपनीनं ठरवलेले राहत नाहीत. रिकामी गाडी थरथरते आणि भरली की शांत होते, तेव्हा पहिला संशय याच पाट्यावर घ्यायचा. जादा पाटा टाकणाऱ्यानं क्रॉसचं आयुष्यही कमी केलंय, हे मालकाला सहसा कुणी सांगत नाही. कोन बरोबर असूनही थरथर राहिली तर सेंटर बेअरिंग, आणि त्यानंतर शाफ्ट बॅलन्सिंगला द्यायचा.

स्वस्तातला घ्यावा? निपल नसलेला घ्यावा?

क्रॉस घेताना गाडीचं नुसतं नाव सांगू नका, जुना क्रॉस हातात घेऊन जा. एकाच मॉडेलमध्ये वेगवेगळ्या मापांचे क्रॉस असू शकतात. कपाचा व्यास आणि समोरासमोरच्या दोन कपांमधली एकूण लांबी, ही दोन मापं जुळलीच पाहिजेत. लॉक कानाच्या बाहेरून आहे की आतून, तेही. स्वस्त आणि नावाजलेल्या मालात फरक पोलादाच्या कडकपणाचा आणि सीलचा असतो. दोन्ही डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून माझं मत इथं पैसे वाचवू नयेत असंच आहे.

बिननिपलचा, कायमचा बंद क्रॉस घन असतो, ग्रीसची भोकं नसल्यानं तो थोडा मजबूतही असतो. शहरात, डांबरावर चालणाऱ्या गाडीला तो उत्तम. पण गाडी रानात, चिखलात, उसाच्या फडात जात असेल तर निपलचाच घ्या आणि पुस्तकात दिलेल्या अंतरापेक्षा लवकर ग्रीस मारा.

कप सैल झालाय तर वेल्डिंगचा टाका मारून हंगाम काढता येईल का? नाही. वेल्डिंगच्या उष्णतेनं सुयांचा कडकपणा जातो, सील जळतं आणि कानाचं भोक पुढच्या क्रॉससाठीही निकामी होतं.

ट्रॅक्टरच्या मागे फिरतो तो शाफ्ट

सांगोला-पंढरपूरकडच्या डाळिंब आणि द्राक्ष बागांत ब्लोअर चालवतात, किंवा रानात रोटाव्हेटर. ट्रॅक्टरकडून त्यांना ताकद देणाऱ्या पीटीओ शाफ्टमध्येही हाच क्रॉस असतो. वरचं सगळं त्यालाही लागू आहे, फक्त कोन इथं खूप मोठे होतात. वळताना रोटाव्हेटर उचलला आणि पीटीओ चालूच ठेवला, तर ३० अंशांच्या कोनाला मिनिटाला ५४० फेऱ्यांचा वेग ४६८ ते ६२४ असा मिनिटात हजारभर वेळा हेलकावतो. तो खडखडाट क्रॉसचाच असतो. उचलण्याआधी पीटीओ बंद करायची सवय लावली तर क्रॉस कितीतरी जास्त टिकतात. चौकोनी पाइपाचा शाफ्ट चार प्रकारे एकात एक जातो, त्यातले दोन चुकीचे, म्हणून इथंही खूण हवीच.

पण पीटीओबद्दल क्रॉसपेक्षा मोठी गोष्ट त्यावरच्या प्लॅस्टिकच्या गार्डची आहे. ग्रीस मारायला अडचण होते म्हणून तो काढतात आणि परत लावत नाहीत. ५४० फेरे म्हणजे सेकंदाला नऊ. सात सेंटिमीटर जाडीच्या शाफ्टचा घेर २२ सेंटिमीटर. म्हणजे उघड्या क्रॉसच्या कानात टॉवेलाचं टोक, पदर किंवा सदऱ्याची बाही अडकली तर एका सेकंदात दोन मीटर कापड गुंडाळलं जातं. हात क्लचपर्यंत पोचायच्या आत माणूस शाफ्टवर ओढला जातो. बागेत फवारणीला बायका-पोरंही आसपास असतात.

ग्रीस मारायचं ते इंजिन बंद करून, किल्ली खिशात घालून, गार्ड सरकवून. मग गार्ड जागेवर आणि त्याची साखळी ट्रॅक्टरला अडकवलेली, म्हणजे गार्ड शाफ्टबरोबर फिरत नाही. गार्ड फुटला असेल तर क्रॉस आणायला जाल तेव्हाच शाफ्टची जाडी आणि लांबी मोजून न्या, गार्ड वेगळा विकत मिळतो.